यिम सून-रे

दक्षिण कोरियातील चित्रपटदिग्दर्शिका व पटकथालेखिका. जन्म इंचॉन या बंदराच्या शहरात. सोलच्या हानयांग विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी पॅरिस-८ विद्यापीठात चित्रपट या विषयात पदव्युत्तर अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर दिग्दर्शक यो ग्यून-दोंग यांच्या १९९४ च्या ‘आउट टू द वर्ल्ड’च्या चमूत त्या उमेदवारीला राहिल्या आणि त्याच वर्षी स्वतःचा पहिला लघुपट केला.

कोरियन कथापटांच्या इतिहासात त्या सहाव्या स्त्री-दिग्दर्शिका मानल्या जातात. पहिल्या पार्क नाम-ओक. त्यांनी १९५५ मध्ये तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून ‘द विडो’ हा एकच चित्रपट पुरा केला. त्यांच्यानंतर होंग उन-वोन, अभिनेत्री चोई उन-ही, ह्वांग ह्ये-मी आणि ली मी-रे. चाळीस वर्षांत एवढीच नावे. या सगळ्यांमध्ये यिम यांचे वेगळेपण असे, की १९९६ पासून २०२३ पर्यंत त्या काम करत राहिल्या. व्यावसायिक चित्रपटसृष्टीत राहूनही हरलेल्या, मागे पडलेल्या माणसांकडची त्यांची नजर हलली नाही.

ती नजर पहिल्या लघुपटातच दिसते. ‘प्रॉमनाड इन द रेन’मध्ये शहराच्या कडेला असलेल्या कळकट चित्रपटगृहातली तिकीटविक्रेती आहे. लग्नाचे वय उलटत चाललेली ही बाई पावसाळी दुपारी, बघायला येणाऱ्या स्थळाची वाट पाहते. गोष्ट एवढीच. पण खिडकीतून दिसणारा पाऊस, फुकट वेळ काढायला आलेले प्रेक्षक आणि तिची चुळबुळ यांतून एक अख्खे आयुष्य उभे राहते. सोलच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवात या लघुपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

‘थ्री फ्रेंड्स’ (१९९६) हा पहिला दीर्घ चित्रपट त्यांनी स्वतः लिहिला. नुकतीच शाळा संपवलेली तीन मुले. एकाला चित्रकथा काढायच्या आहेत, दुसऱ्याला केशभूषा शिकायची आहे आणि तिघांनाही सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटका हवी आहे. ‘मर्द’ होण्याची जी ठरलेली वाट कोरियन समाजाने आखली, तिच्यावर न बसणाऱ्या मुलांचे काय होते, हा प्रश्न त्या काळात एका नवख्या दिग्दर्शिकेने इतक्या थेट विचारावा हे धाडसाचेच होते. बुसान महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी चित्रपटाला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला.

पुढचा चित्रपट यायला पाच वर्षे गेली. ‘वायकिकी ब्रदर्स’ (२००१) ही त्यांची सर्वोत्तम पटकथा. नाइटक्लबांतून गाणारा-वाजवणारा एक वाद्यवृंद कामाअभावी फुटत फुटत सुआनबो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी येतो. तेथल्या वायकिकी हॉटेलात त्यांना काम मिळते. गाव वृंदप्रमुख सोंग-वूचे स्वतःचेच. शाळेत असताना ज्यांच्यासोबत त्याने बँड काढला होता ते मित्र आता कुणी औषधविक्रेता, कुणी सरकारी नोकर, कुणी चळवळ्या. आणि ज्या मुलीच्या आवाजावर तो भाळला होता ती इन-ही विधवा होऊन टेंपोतून भाजी विकते. वाद्य फक्त सोंग-वूच्या हातात उरले आहे, आणि तेही रोजच्या भाकरीपुरते.

या चित्रपटातला एक प्रसंग कोरियन रसिक अजून विसरलेले नाहीत. खासगी खोलीत दारू चढलेले गिऱ्हाईक स्वतः कपडे उतरवून नाचू लागतात आणि गिटार वाजवणाऱ्या सोंग-वूलाही कपडे काढायला लावतात. तो नकार देत नाही, वाजवणे थांबवत नाही. उघड्या अंगावर फक्त गिटार. समोर पडद्यावर गाण्याच्या ओळींमागे समुद्रकिनारा झळकत असतो, आणि त्या किनाऱ्यावरून चित्रपट मागे जातो: चार शाळकरी पोरे नागडीउघडी होऊन हसत-ओरडत वाळूवरून पळत आहेत. एकच नग्नता, एकदा आनंदाची, एकदा अपमानाची. यिम यांचा कॅमेरा दोन्ही वेळा अंतर राखून उभा राहतो. दया दाखवण्यासाठीही जवळ सरकत नाही. ही शिस्तच त्यांच्या लेखन-दिग्दर्शनाची खरी ताकद आहे.

जिओंजू महोत्सवाचा उद्‌घाटनाचा मान या चित्रपटाला मिळाला, पण तिकीटबारीवर तो पडला. ते वर्ष गुंडांच्या चित्रपटांचे होते. ‘फ्रेंड’सारखे चित्रपट लाखोंची गर्दी खेचत होते. तेव्हा प्रेक्षकांनीच एक मोहीम उभारली. जोंग जे-उन या दिग्दर्शिकेचा ‘टेक केअर ऑफ माय कॅट’, ‘रायबान’, ‘बटरफ्लाय’ आणि ‘वायकिकी ब्रदर्स’ या चार चित्रपटांच्या कोरियन नावांची आद्याक्षरे जोडून ‘वा-रा-ना-गो’ असे नाव तिला पडले, आणि उतरवलेले चित्रपट पुन्हा पडद्यावर लावून घेण्यात आले. आज कोरियात ज्यांना मोठे तारे म्हणतात ते ह्वांग जोंग-मिन, पार्क हे-इल आणि र्यू सुंग-बोम हे सगळे तेव्हा नवखे होते आणि या एकाच चित्रपटात होते.

त्याच वर्षी त्यांनी ‘कीपिंग द व्हिजन अलाइव्ह’ हा चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांवरचा माहितीपट केला. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या ‘इफ यू वेअर मी’ (२००३) या सहा दिग्दर्शकांच्या संकलनपटात ‘द वेट ऑफ हर’ हा भाग त्यांचा. व्यावसायिक शाळेतल्या मुलीला नोकरी हवी तर वजन घटव, पापण्यांची शस्त्रक्रिया कर, असे घर आणि शाळा दोन्ही बजावतात. आयोगासाठीच केलेला ‘फ्लाय, पेंग्विन’ (२००९) ऑफिसातला शाकाहारी तरुण, इंग्रजीच्या शिकवण्यांनी गांजलेले मूल, बायकामुलांना परदेशी पाठवून एकटा राहणारा बाप अशा रोजच्या जाचांबद्दल बोलतो.

लोकप्रियता मिळाली ती ‘फॉरेव्हर द मोमेंट’ने (२००८). पटकथा ना ह्यून यांची, निर्मिती शिम जे-म्यंग यांच्या म्यंग फिल्म्सची. विषय २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधला महिला हँडबॉलचा अंतिम सामना: दोनदा जादा वेळ देऊनही डेन्मार्कशी बरोबरी सुटली नाही, आणि शेवटी पेनल्टी थ्रोवर कोरिया हरला. खेळाच्या चित्रपटासाठी हरलेला सामना निवडणे हा निर्णयच यिम यांच्या स्वभावाशी जुळणारा होता. मून सो-री यांनी रंगवलेली मी-सूक एकेकाळची नामवंत खेळाडू. संघ बरखास्त झाल्यावर सुपरमार्केटात राबते, नवरा कर्जात बुडालेला, आणि सरावाला येते ती पोराला सोबत घेऊन. मुख्य प्रशिक्षकाची जागा तात्पुरती सांभाळणाऱ्या ह्ये-क्यंगला बाजूला सारताना तिचा घटस्फोट कारण म्हणून पुढे केला जातो. मैदानावर धावणाऱ्या या बायकांची दमछाक मैदानाबाहेरच सुरू झालेली असते, हे चित्रपट कुठेही भाषण न करता दाखवतो. अखेरीस श्रेयनामावलीबरोबर खरे प्रशिक्षक आणि खऱ्या खेळाडू दिसतात. सुमारे ४० लाख प्रेक्षकांनी तो पाहिला, ब्लू ड्रॅगन पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि कोरियाच्या महिला हँडबॉल संघाला चित्रपटाच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

नंतरच्या काळात त्या बहुतेक इतरांच्या कथांवर काम करू लागल्या. ‘रोलिंग होम विथ अ बुल’ (२०१०) हा बापाचा बैल विकायला निघालेल्या अविवाहित शेतकरी-कवीचा प्रवास. जपानी लेखक ओकुदा हिदेओ यांच्या कादंबरीवरचा ‘साउथ बाउंड’ (२०१३) फारसा जमला नाही. ‘व्हिसल ब्लोअर’ (२०१४) मात्र महत्त्वाचा. मूलपेशी संशोधक ह्वांग वू-सोक यांचा बनाव २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने उघड केला, तेव्हा राष्ट्राभिमानाने पेटलेले लोक कार्यक्रमावरच तुटून पडले होते. नावे बदलून सांगितलेल्या या कथेत यिम शास्त्रज्ञाला खलनायक करत नाहीत. देशभराच्या आशेचे ओझे खांद्यावर घेतलेला माणूस आता थांबणार कसा, हेही त्या दाखवतात.

‘लिटल फॉरेस्ट’ (२०१८) हा इगाराशी दाइसुके यांच्या जपानी चित्रकथेवरचा चित्रपट. शिक्षकभरतीच्या परीक्षेत अपयशी ठरलेली ह्ये-वोन सोल सोडून गावच्या रिकाम्या घरी येते. थंडीत उपाशी पोटी पोचल्यावर ती बर्फाखालून कोबी उकरते आणि त्याचे सूप शिजवते. मग चारही ऋतू शेतात-स्वयंपाकघरात जातात. हे चित्रण खरोखरच वर्षभर ऋतूंच्या मागे जाऊन केले. यिम स्वतः शाकाहारी असल्याने पडद्यावरच्या इतक्या पदार्थांत मांसाचा एकही नाही. मोठ्या घटना नसलेल्या, कमी खर्चात झालेल्या या चित्रपटाला सुमारे १५ लाख प्रेक्षक लाभले. नोकरीच्या स्पर्धेने पिचलेल्या तरुणांनी तो आपला मानला.

चित्रपटाबाहेरचे त्यांचे कामही नोंदवले पाहिजे. २००९ पासून त्या ‘कारा’ या प्राणिहक्क संघटनेच्या प्रमुख होत्या. माणूस आणि पाळीव प्राण्यांवरच्या ‘सॉरी, थँक्स’ (२०११) या संकलनपटात त्यांचाही एक भाग आहे. मार्च २०१८ मध्ये चित्रपटसृष्टीतील लैंगिक छळाविरुद्ध आणि समानतेसाठी ‘दुनदुन’ हे केंद्र सुरू झाले, तेव्हा शिम जे-म्यंग यांच्यासह त्यांनी त्याची धुरा घेतली.

‘द पॉइंट मेन’ (२०२३) हा त्यांचा मोठ्या खर्चाचा चित्रपट २००७ मध्ये तालिबानने ओलीस धरलेल्या २३ कोरियन नागरिकांच्या घटनेवर बेतला आहे. त्यांतील दोघांना मारण्यात आले होते. चित्रीकरण २०२० मध्ये, साथीच्या काळात, जॉर्डनमध्ये झाले. ‘वायकिकी ब्रदर्स’मधले ड्रमवादक ह्वांग जोंग-मिन येथे परराष्ट्र खात्याचे वाटाघाटीकार आहेत, तर ह्यून बिन गुप्तहेर. पाठलाग आणि स्फोटांची दृश्ये नेटकी असली तरी ती कुणीही केली असती. यिम यांची ओळख पटते ती वाटाघाटीच्या प्रसंगांत, जिथे समोरच्याची भाषा न येणारा एक अधिकारी माणसे वाचवण्यासाठी फक्त बोलत राहतो.