उमेदवाराचे नाव

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बी.कॉम. झाली, टायपिंग झालं, एमएस-सीआयटी झालं. नागपूरच्या एका खासगी संस्थेत कारकुनाची जागा निघाली होती आणि जाहिरातीत चक्क ‘स्वहस्ताक्षरात अर्ज करावा’ असं छापलं होतं. आयुष्यातला पहिला अर्ज म्हणून मसुदा दाखवायला आली होती. शिक्षकाची खोड, मी लाल पेन काढला. दोन वेलांट्या आणि एक ‘आशिर्वाद’ दुरुस्त केला (अर्जात आशीर्वाद कशाला, ते विचारायचं राहून गेलं). मग तिने हळूच विचारलं, “सर, खाली पूर्ण नाव लिहू, की नुसती आद्याक्षरं टाकली तर चालेल?”

का, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण त्या रात्री मला अर्ज या प्रकाराचाच इतिहास आठवत राहिला.

उर्दूत ‘अर्ज़’ हा शब्द ऐकला की मुशायरा डोळ्यांपुढे येतो. शायर माईकजवळ येतो, म्हणतो ‘अर्ज़ किया है’, आणि सभा सावरून बसते. नोकरीसाठी मात्र उर्दूवाला ‘दरख़्वास्त’ देतो. मराठीत उलट झालं. नोकरीसाठी अर्ज, आणि दरखास्त म्हटली की दिवाणी कोर्टातली हुकूमनाम्याची बजावणी! दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले, दोन घरांत दोन कामांना लागले. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून 1677च्या सुमारास राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो प्रयत्न होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुनी पत्रं समोर ठेवून शब्द मोजले होते. 1628च्या पत्रात बहुतेक शब्द फारसी निघाले, शंभर वर्षांनंतरच्या पत्रात दहा टक्केही नाहीत. तरी कचेरीतले शब्द हटले नाहीत. आजही नोकरीच्या वाटेवर पावलोपावली तेच भेटतात: उमेदवार, शिफारस, दाखला, तारीख, सही, हजर, रुजू, बदली. निवृत्तीच्या समारंभात ‘इमानेइतबारे नोकरी केली’ म्हणतात, तेही त्यातलंच. पगार तेवढा पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे माझी विद्यार्थिनी ज्या कागदावर नाव लिहायला बिचकत होती, त्या कागदातले निम्मे शब्द तिच्या नावाच्याच वाटेने इथे आले होते.

यात ‘उमेदवार’ मला सगळ्यात खरा वाटतो. उमेद बाळगणारा तो उमेदवार. पूर्वी कचेरीत असे उमेदवार येऊन बसत. पगार नाही, नेमणूक नाही. नकला करायच्या, दप्तर शिवायचं, जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. आज आम्ही त्याला ‘तासिका तत्त्वावर’ म्हणतो.

अर्जातलं वाकणंही जुनं आहे. पेशवाईतल्या पत्रांत ‘स्वामींचे सेवेसी विज्ञापना’ असे. 1837च्या कायद्याने कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटवण्याची वाट मोकळी केली, इंग्रजी वर चढली, आणि साहेबाच्या पत्रातला ‘मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ आपल्याकडे ‘आपला आज्ञाधारक’ होऊन राहिला. साहेब निघून गेला. भंडारा जिल्हा 1956 साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्र झाला. आज्ञाधारक मात्र जागचा हलला नाही.

न वाकणाऱ्या उमेदवाराची गोष्ट सांगायची तर मिर्झा ग़ालिबचीच सांगावी लागते. मुहम्मद हुसैन आज़ाद यांनी ‘आब-ए-हयात’मध्ये ती दिली आहे. 1842 साली दिल्ली कॉलेजात फारसीचा शिक्षक हवा होता. सरकारचे सेक्रेटरी थॉमसन यांनी ग़ालिबला बोलावलं. ग़ालिब पालखीतून गेला आणि दाराशी थांबला. नेहमीप्रमाणे साहेब बाहेर येऊन स्वागत करतील अशी त्याची अपेक्षा. साहेब आले आणि म्हणाले, दरबारात याल तेव्हा तसं स्वागत होईल, आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. ग़ालिबचं म्हणणं असं की नोकरी धरायची ती मान वाढावा म्हणून, आहे तोही जावा म्हणून नाही. पालखी परत फिरली. जागा मौलवी इमामबख़्श सहबाईंना मिळाली. आमच्या उस्तादांनी ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. पण त्यांनी एक सांगितलं नव्हतं, ते मला पुढे वाचनात सापडलं. हाच ग़ालिब पेन्शनच्या अर्जासाठी दिल्लीहून थेट कलकत्त्याला गेला होता. 1828च्या फेब्रुवारीत पोहोचला, 1829च्या अखेरीस परतला, आणि दावा शेवटी फेटाळलाच गेला. पालखी परत नेणारा ग़ालिब आणि अर्जाच्या उत्तराची वाट पाहणारा ग़ालिब एकच. मला दुसरा जास्त जवळचा वाटतो.

कारण मीही वाट पाहिली आहे. बी.एड. झाल्यावर माझ्याकडे एक वही होती. जाहिरातीचं कात्रण, अर्जाची तारीख आणि यूपीसीची पावती, असं सगळं तीत चिकटवलेलं. रजिस्टरला पैसे जास्त लागत, म्हणून यूपीसी. पोस्टमास्तर नुसता शिक्का मारून देत, की पत्र टाकलं एवढं खरं. 2011 साली ही सोय बंद झाली. सत्यप्रतींसाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचं. वडील धानाच्या गिरणीत हिशेब लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. पाकिटावरचा पत्ता तेच घालून देत. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींपासून साकोलीच्या शाळांपर्यंत कुठेही जागा निघाली की पाकीट जाई. उत्तरं थोडी आली. एका संस्थेत मुलाखतीला बोलावलं. अर्ज हातात धरून समोरचे गृहस्थ म्हणाले, “हे तुम्हीच लिहिलंय? मराठी एवढं शुद्ध कसं काय?” त्यांना कौतुकच करायचं होतं. मी ‘धन्यवाद सर’ म्हटलं. बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून पडली.

आता शिक्षकभरतीला असा अर्ज लागत नाही. 2012च्या मे महिन्यात भरती थांबली, 2013च्या डिसेंबरात पहिली टीईटी झाली, 2017 साली अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल आलं. संगणक गुण बघतो, शुद्धलेखन बघत नाही आणि नावही बघत नाही. पोर्टलला नावं ठेवणारे माझे मित्र आहेत, त्यांच्या तक्रारी खऱ्याही आहेत. तरी मुलाखतीशिवायच्या भरतीत किल्ली हातातून पडत नाही, हे मला मोठं वाटतं.

खासगी नोकरीत मात्र अजून कागद आणि कागदावरचं नाव आहे. अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल ॲटवेल यांनी हे तपासून पाहिलं. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक नावाचा: कुणी सवर्ण हिंदू, कुणी दलित, कुणी मुसलमान. 2007 साली निष्कर्ष छापून आले. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाला 1 धरली, तर दलित नावाला 0.67 आणि मुस्लीम नावाला 0.33.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा मी तिला हे आकडे सांगितले. लपवून काय उपयोग? आद्याक्षरं टाकलीस तरी खोटं ठरत नाही, हेही सांगितलं. ‘आपली आज्ञाधारक’ मी खोडलं आणि वर ‘आपली विश्वासू’ लिहिलं.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, “पण सर, घेतलं तर हजेरीपटावर नाव लिहावंच लागेल ना?”

तिने नवा फुलस्केप घेतला, सगळा अर्ज पुन्हा उतरवला. खाली स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकही अक्षर न गाळता. पोस्ट बंद व्हायला वीस मिनिटं होती. मी स्कूटर काढली.