एका वाटीचा चॉकलेट केक आणि त्यामागची घाई

तीन मोठे चमचे मैदा, एक मोठा चमचा कोको पावडर, दोन चमचे साखर, पाव लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. त्यात तीन चमचे दूध आणि एक चमचा तेल घालून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचे. उष्णता सोसणाऱ्या, आतून तूप लावलेल्या वाटीत ओतायचे, एअर फ्रायर 160 अंशांवर ठेवायचा आणि दहा-बारा मिनिटे थांबायचे. वर कवच धरते, आत थोडे ओलसर राहते. एका माणसाला पुरेल एवढा चॉकलेटचा केक तयार!

पाककृती म्हणून यात सांगण्यासारखे एवढेच. परंतु स्वयंपाकघरात जे जे म्हणून झटपट होते, त्याचा वेळ कोणीतरी आधीच खर्च करून ठेवलेला असतो. नारळाचे दूध डब्यातून ओतले म्हणजे खोवण्याचा आणि पिळण्याचा वेळ नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे कुठेतरी गेलेला असतो. या वाटीतल्या दहा मिनिटांचेही तसेच आहे. त्यांचा शोध घेत मागे गेले की मेक्सिको, अॅमस्टरडॅम, बर्मिंगहॅम अशी गावे लागतात, आणि शेवटी एक असे बेट लागते ज्याच्यावर पणजीवर होता तोच झेंडा फडकत असे.

सुरुवात वाटीपासूनच करू. एकट्यापुरते गोड ही आजच्या एकलकोंड्या शहरी जगण्याची देणगी आहे असे आपल्याला वाटते. चॉकलेटच्या बाबतीत ते खरे नाही. मध्य अमेरिकेत हजारो वर्षे चॉकलेट हे पेय होते आणि ते ज्याच्या त्याच्या भांड्यात दिले जाई. आपल्याकडे नारळाची करवंटी तसे तिकडे एका झाडाच्या कठीण फळाचे कवच. नाहुआत्ल भाषेत त्या भांड्याला 'शिकाल्ली' म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचे 'हिकारा' केले, आणि पोर्तुगीज भाषेत ते 'शिकरा' होऊन बसले. ब्राझीलमध्ये आजही चहा-कॉफीच्या कपाला हाच शब्द आहे. 17व्या शतकात पेरूचा व्हाइसरॉय असलेल्या मान्सेराच्या मार्क्विसच्या नावावरून 'मान्सेरिना' नावाची बशी निघाली. तिच्या मधोमध कप अडकवायला एक कडे असे, म्हणजे चॉकलेट कपड्यांवर सांडायला नको. पुढे फ्रान्समध्ये झाकणाच्या चिमुकल्या कपांत चॉकलेटचे कस्टर्ड आले. आजच्या बेकिंगच्या दुकानात मिळणारी 'रॅमकिन' ही पांढरी वाटी त्याच घराण्यातली. तेव्हा चॉकलेट एकेकट्याने आपापल्या भांड्यातून घेण्याची चाल जुनीच आहे. त्या काळी नव्हती ती घाई.

कारण ते पेय करणे म्हणजे अंगमेहनतीचे काम होते. बिया भाजायच्या, टरफले काढायची आणि मग 'मेताते'वर वाटायच्या. मेताते म्हणजे तिरका दगडी पाटा, वर दगडाचाच वरवंटा. गुडघे टेकून, सगळा भार खांद्यांवर घेऊन हे वाटण चाले. बियांत निम्म्याहून अधिक स्निग्धांश असल्यामुळे पीठ होतच नसे, लगदा होई. स्पॅनिश लोकांनी चॉकलेट युरोपात नेले तेव्हा हा पाटाही सोबत नेला.

शिवाय या बिया म्हणजे नुसता खाऊ नव्हता. ते नाणे होते. मेक्सिकोतल्या त्लाश्काला इथला 1545 सालचा एक दरपत्रक-कागद उपलब्ध आहे. त्यात चांगल्या टर्की कोंबडीचा भाव 100 बिया, तिच्या एका अंड्याचा भाव 3 बिया आणि एका मोठ्या टोमॅटोचा भाव 1 बी असा दिलेला आहे. आपल्या वाटीत एक चमचा म्हणजे सात-एक ग्रॅम कोको पडतो. टरफल आणि बहुतेक चरबी वजा जाता, ढोबळ मानाने तो पंधरा ते अठरा बियांचा ऐवज होतो. त्या बाजारात तेवढ्यात पाच-सहा अंडी आली असती.

या लगद्याची पावडर झाली ती 1828 साली, अॅमस्टरडॅममध्ये. कास्पारस व्हान हाउटेन याने दाब देऊन बियांतली चरबी पिळून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पेंड उरते तशी कोकोची ढेप उरली आणि ती दळता येऊ लागली. त्याचा मुलगा कोनराड याने कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायची पद्धत आणली. त्यामुळे रंग गडद झाला, आंबटपणा गेला आणि पावडर पाण्या-दुधात सहज मिसळू लागली. आज आपण चमचाभर कोको घेऊन अर्ध्या मिनिटात ढवळतो, ते या बापलेकांमुळे. पिळून निघालेली चरबीही वाया गेली नाही. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने 1847 मध्ये तीच चरबी साखर-कोकोच्या मिश्रणात परत घालून साच्यात ओतली आणि खायच्या चॉकलेटची वडी बनवली.

केक फुगवायचा वेळही असाच कमी झाला. गोव्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आमचा पोदेर पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ आंबवी, रात्रभर ठेवी आणि पहाटे फोर्नात घाली. युरोपातही यीस्टला तेवढाच वेळ लागे, नाहीतर अंडी फेसत बसावे लागे. बर्मिंगहॅमचा रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड याच्या बायकोला यीस्टही सोसत नसे आणि अंडीही. तिच्यासाठी त्याने 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. एका बाईच्या पथ्यापायी झालेला हा शोध पुढे जगभरच्या घाईला उपयोगी पडला. ज्या केकमध्ये अंडे नाही आणि पीठ आंबवलेले नाही असा आपला वाटीतला केक तिचाच ऋणी आहे.

राहिली भट्टी. एक वाटी भाजायला अख्खा फोर्न तापवणे कोणाला परवडणार? लहान चुलीचा शोध स्वयंपाकघरात लागला नाही, तो युद्धात लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 च्या सुमारास, विल्यम मॅक्सन या अमेरिकन माणसाने विमानात बसेल एवढी छोटी भट्टी केली. गोठवलेले जेवण एकेका माणसाच्या ताटात ठेवून, पंख्याने गरम हवा खेळवून ते तापवायचे, अशी युक्ती. पंखा लावला की गरम हवा पदार्थाभोवती साचलेला थंड थर सारखा उडवून लावते, म्हणून उष्णता लवकर आत शिरते. त्याच वर्षी रडारच्या कामावर असलेल्या पर्सी स्पेन्सरला सूक्ष्मलहरींनी अन्न तापवता येते हे उमगले. त्यातून निघालेले पहिले मायक्रोवेव्ह यंत्र माणसाहून उंच नसले तरी माणसाएवढे होते आणि वजन तीनशे किलोंच्या वर. घराच्या ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह अमेरिकेत 1967 साली विक्रीला आला. 2000 नंतरच्या दशकात 'पाच मिनिटांत मगमधला चॉकलेट केक' ही कृती ई-मेलमधून जगभर फिरली ती त्याच्याच जिवावर.

मायक्रोवेव्हचे एक उणे आहे. तो शिजवतो, भाजत नाही. वरचे खरपूस कवच त्यात येत नाही. आणि चॉकलेटच्या केकची गंमत तर कवच आणि आतला ओलावा यांच्या फरकातच असते. फ्रान्समधल्या लाग्योल गावचे शेफ मिशेल ब्रास यांनी 1981 मध्ये आतून चॉकलेट वाहणारा छोटा केक सादर केला. त्यामागे दोन वर्षांचे प्रयोग होते. गोठवलेला चॉकलेटचा गोळा पिठाच्या पोटात ठेवायचा आणि बाहेरचे भाजून होईतो आतले नुसते वितळेल, असा तो हिशेब. 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये शेफ ज्याँ-जॉर्ज व्होन्गरिख्टेन यांनी मुद्दाम कमी भाजून तोच परिणाम साधला. आपल्याकडच्या हॉटेलांत 'लाव्हा केक' म्हणून जे मिळते त्याचे हे आजे-पणजे.

ते कवच घरच्या ओट्यावर आणले एअर फ्रायरने. नेदरलँड्सच्या फ्रेड व्हान डर वाय यांनी त्याचा नमुना तयार केला आणि फिलिप्सने 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला. (व्हान हाउटेनही तिथलाच. कोकोची पावडर आणि ती भाजायचे यंत्र, दोन्ही डच!) हेतू कमी तेलात बटाट्याच्या फोडी कुरकुरीत करण्याचा होता. नाव 'फ्रायर' असले तरी त्यात तळले काहीच जात नाही. वर तापलेले वेटोळे, त्याच्यावर पंखा, आणि खाली जाळीची टोपली. वाटी ठेवली की जाळीतून येणारा झोत अडतो आणि मुख्य आच वरूनच लागते.

वरून आच म्हटल्यावर गोव्यातल्या घरांतून बिबिंक आठवल्याशिवाय राहणार नाही. झाकणावर निखारे ठेवायचे, पातळ थर ओतायचा, तो तांबूस झाला की तूप सोडून वर दुसरा थर. वरून लागणारी आच खोलवर लवकर पोचत नाही हे आमच्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. म्हणूनच एअर फ्रायरमध्येही वाटी उथळ हवी, अर्ध्याहून थोडी अधिक भरावी आणि आच कमी ठेवावी. नाहीतर वर करपते आणि खाली पीठ तसेच राहते. फरक इतकाच की बिबिंकेला तास न् तास लागत, ती घरभर आणि शेजारीपाजारी वाटली जाई. करणारीचा वेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खर्च होई.

वाटीतल्या केकचा वेळ मात्र डोळ्यांआड खर्च झालेला असतो. दळणे, पिळणे, फुगवणे, भाजणे या सगळ्यांना यंत्र मिळाले. कोकोच्या झाडाला मात्र अजून फारसे यंत्र लागत नाही. फळ खोडालाच लागते. ते कोयत्याने जपून कापायचे, फोडायचे, आतला गर आणि बिया झाकून पाच-सात दिवस आंबवायच्या आणि मग उन्हात वाळवायच्या. चॉकलेटचा वास येतो तो या आंबवण्यामुळे. हे आजही हातांनीच होते.

हे हात कोणाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्याने विचारला गेला तो साओ तोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांच्या निमित्ताने. पश्चिम आफ्रिकेजवळची ही बेटे. 19व्या शतकात ब्राझीलहून तिथे कोको आला आणि 1900 नंतर ती जगातल्या सर्वांत मोठ्या कोको-उत्पादकांत गणली जाऊ लागली. पोर्तुगालने गुलामगिरी कायद्याने बंद केली होती. कागदोपत्री मजूर 'सर्व्हिसाइस' म्हणजे कंत्राटी नोकर होते. प्रत्यक्षात अंगोलाच्या आतल्या भागातून माणसे विकत घेऊन, साखळदंडात किनाऱ्यापर्यंत चालवत आणली जात. कंत्राट पाच वर्षांचे. परत गेलेला माणूस जवळजवळ कोणी नाही.

इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन 1904-05 मध्ये तो रस्ता स्वतः चालून आला आणि 1906 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. बर्मिंगहॅमच्या कॅडबरी कंपनीचा सुमारे निम्मा कोको त्या काळी याच बेटांवरून येत होता. मालक क्वेकर पंथाचे, गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्या परंपरेतले. त्यांनी चौकशीसाठी माणूस पाठवला, अहवाल आला, सरकारी पातळीवर बोलणी झाली, आणि या सगळ्यात वर्षे गेली. खरेदी मात्र चालूच होती. शेवटी मार्च 1909 मध्ये बहिष्कार जाहीर झाला. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने या दिरंगाईवर कडक अग्रलेख लिहिला होता. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा केला आणि ती जिंकलीही. ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे ब्रिटनचे सर्वांत लहान नाणे! तो निकाल नेमका कोणाच्या बाजूने होता, हे वाचकांनीच ठरवावे.

गोव्याच्या इतिहासात आपण पोर्तुगीज म्हटले की इन्क्विझिशन, देवळे, भाषा यांवर बोलतो, आणि ते योग्यच आहे. काजू, अननस, मिरची, बटाटा त्यांच्या जहाजांतून आपल्याकडे आले हेही कौतुकाने सांगतो. कोको मात्र आमच्या कुळागरांत तेव्हा रुजला नाही. त्याच साम्राज्याने तो रुजवला दुसऱ्या एका बेटावर, आणि त्यासाठी लागणारी माणसे तिसऱ्याच वसाहतीतून ओढून नेली. आम्ही 1961 मध्ये मुक्त झालो, साओ तोमे 1975 मध्ये. या धाग्याची आमच्याकडे फारशी वाच्यता होत नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवावासा वाटला.

बहिष्कारानंतर कंपन्या आजच्या घानाकडे वळल्या. तिथे शेतकरी आपापल्या जमिनीवर कोको लावत होते. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांतून येतो. पण प्रश्न मिटलेला नाही. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवण्याचा करार चॉकलेट उद्योगाने 2001 मध्ये केला. शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या अहवालात मात्र या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे 15 लाख 60 हजार मुले असल्याचा अंदाज आहे.

आपल्या शेजारीही कोको आहे. केरळात आणि दक्षिण कन्नडात पोफळीच्या सावलीत तो आंतरपीक म्हणून वाढतो. कॅम्पको ही सुपारी-शेतकऱ्यांची सहकारी संस्था 1973 साली मंगळुरूत सुरू झाली आणि 1986 पासून पुत्तूरला तिचा स्वतःचा चॉकलेट कारखाना आहे. पोफळीची कुळागरे सांभाळणाऱ्या गोव्याला हे उदाहरण परके वाटू नये.

वाटीतला केक खाऊ नये असे मला मुळीच सुचवायचे नाही. तो खावा, गरम असतानाच खावा. फक्त कोकोच्या पाकिटावर बिया कुठल्या, त्यांची खरेदी कोणाकडून झाली याचा काही उल्लेख आहे का, एवढे उलटून पाहावे. बऱ्याच पाकिटांवर तो नसतो. तो का नाही हे दुकानदाराला विचारायला दहा मिनिटेही लागत नाहीत.