फॅन फिल्म बनवावी की नाही?

आवडत्या सिनेमातली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी स्वतः बनवलेली फिल्म म्हणजे फॅन फिल्म. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही चौघं फास्टर फेणेवर अशी फिल्म करणार होतो. कॅमेरा म्हणजे माझाच मोबाईल. स्क्रिप्ट अर्धी झाली आणि एकाने विचारलं, "पण हे आपल्याला करता येतं का रे?"

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत बन्यासाठी परवानगी लागणारच. 'आम्ही पैसे कमवत नाही' असं सुरुवातीला लिहिलं की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही.

खरी गंमत पैसा आल्यावर होते. अमेरिकेत 'ॲक्झानार' ही स्टार ट्रेकवरची फॅन फिल्म होती. चाहत्यांकडून १० लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमली, स्टुडिओ उभारला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएसने केस ठोकली. जानेवारी २०१७ मध्ये 'फेअर यूज'चा बचाव कोर्टाने नाकारला. मग तडजोड झाली: फक्त दोन भाग, प्रत्येकी १५ मिनिटांपर्यंत. दरम्यान २०१६ मध्ये कंपन्यांनी सगळ्याच चाहत्यांसाठी नियम काढले: वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंतच, कलाकारांना मानधन नाही. म्हणून आधी तुमच्या आवडत्या सिनेमाच्या मालकांनी असे नियम दिलेत का, ते शोधा. नसतील तर लेखी परवानगी मागा. (उत्तर येईलच असं नाही, आम्हाला आलं नाही.)

यूट्यूबचा कंटेंट आयडी मुख्यतः आवाज आणि दृश्यं जुळवून बघतो. त्यामुळे तुम्ही स्वतः शूट केलेलं सुटेल, पण मूळ सिनेमाचं संगीत पकडलं जाईल. क्लेम आला तर जाहिरातीचे पैसे मालकाला जाऊ शकतात किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो. स्ट्राइक वेगळी. ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

शेरलॉक होम्सच्या मूळ कथा मात्र आता मोकळ्या आहेत. फक्त बीबीसीच्या मालिकेतलं काही उचलू नका.

आम्ही शेवटी नायकाचं नाव, गाव, शाळा सगळं बदललं. फिल्म झाली ११ मिनिटांची. एडिटिंगला बसलो तर प्रत्येक सीनमध्ये आमचा हिरो सवयीने 'ट्टॉक' करत होता. ते कापण्यात दोन रात्री गेल्या.