आनेकलचा मुक्काम आणि म्हैसूरची यादवी

13 ऑगस्ट 1760 या दिवशी उजाडायच्या आत आनेकलच्या किल्ल्यापाशी मूठभर दमलेले स्वार येऊन पोचले. त्यांचा म्होरक्या होता हैदर अली. आदल्या सकाळी तो म्हैसूर राज्याचा खरा सत्ताधीश होता. आता त्याच्याकडे खजिना नव्हता, फौज नव्हती, आणि बायकामुले शत्रूच्या हाती सापडली होती. त्यांत नऊ वर्षांचा टिपूही होता. कावेरी ओलांडून रातोरात पाऊणशे मैल, म्हणजे सुमारे 120 किलोमीटर, घोडा फेकत तो इथवर आला होता. आनेकलची किल्लेदारी त्याच्या नात्यातल्या इस्माईल अलीकडे होती, म्हणूनच त्याने ही वाट धरली. त्या पहाटे हा दरवाजा उघडला नसता, तर दक्षिणेच्या पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास वेगळा झाला असता.

आनेकल आज बंगळूर शहर जिल्ह्याचा एक तालुका आहे. जिगणी आणि अत्तिबेले इथल्या कारखान्यांमुळे त्याचे नाव ऐकू येते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुगटूर घराण्यातल्या तम्मे गौडाने इथे किल्ला बांधला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वंशातल्या पाळेगारांनी तो सांभाळला. हैदरच्या काळात तो म्हैसूरच्या पुरता कह्यात आला. म्हैसूरचे पठार इथे संपत येते आणि पुढे बारामहालकडे उतरणारे डोंगर सुरू होतात. पूर्वेकडच्या अर्काट-पाँडिचेरीशी राबता ठेवायचा, तर या टापूवर पकड हवीच. 1760-61 च्या यादवीतल्या दोन निर्णायक घटना या गावात आणि गावापासून जवळच्या घाटात घडल्या. त्या दोन्हींशी मराठ्यांचा संबंध होता, तरी मराठी इतिहासलेखनात त्यांना एखादी तळटीप मिळाली तरी पुष्कळ.

आदल्या दिवशी हैदरवर तोफा डागून त्याला पळायला लावणारा माणूस परका नव्हता. तो होता खंडेराव, हैदरचाच दिवाण.

या दोघांची जोडी विलक्षण होती. हैदर निरक्षर. सही म्हणून नावातले एखादे अक्षर कसेबसे गिरवायचा. पण त्याची स्मरणशक्ती अफाट आणि माणसाची पारख अचूक. खंडेराव ब्राह्मण, हिशेबात मुरलेला आणि लेखणीचा पक्का. 1755 मध्ये हैदर दिंडुक्कलचा फौजदार झाला, तेव्हा त्याच्या बेड्यार प्याद्यांच्या आणि लुटारू टोळ्यांच्या लुटीचा हिशेब ठेवायची पद्धत खंडेरावानेच बसवली. लुटीतला निम्मा वाटा लुटणाऱ्याचा आणि निम्मा धन्याचा. गुरेढोरे, धान्य, बायकांच्या कानातली कुडी, अंगावरचे लुगडे, काहीही असो, नोंद झाल्याशिवाय जिरत नसे. चोरांकडून चोख हिशेब घेणे ही काही साधी कर्तबगारी नव्हे.

हे दोघे मिळून सरकारलाही चुना लावत. मार्क विल्क्स हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरला रेसिडेंट होता. त्या काळातली जुनी माणसे अजून हयात असताना त्याने म्हैसूरचा इतिहास लिहिला. त्यात एक प्रसंग आहे. एका लढाईनंतर जखमींना भत्ता द्यायला श्रीरंगपट्टणहून कारकून आला. प्रत्यक्षात जखमी होते 67. कारकुनासमोर मात्र सातशेंच्या आसपास माणसे हातापायांना हळदीने माखलेल्या पट्ट्या बांधून बसवली होती. त्याने बिचाऱ्याने पट्ट्या मोजल्या आणि तेवढ्या माणसांचा भत्ता मंजूर केला. फरकाच्या रकमेतून हैदरच्या पदरची फौज वाढली.

ज्या राज्यात हे चालत होते ते आतून पोखरलेले होते. गादीवर चिक्क कृष्णराज वडियार नावापुरते होते. कारभार दळवाई देवराज आणि सर्वाधिकारी नंजराज या दोघा भावांच्या हातात होता. त्रिचनापल्लीच्या स्वारीने खजिना रिता केला. 1757 मध्ये बाळाजी बाजीराव पेशवे श्रीरंगपट्टणापुढे उभे राहिले आणि 32 लाखांवर तडजोड झाली. पण पैसा कुठे होता? थोडी रोकड आणि जडजवाहीर देऊन बाकीच्यापोटी तालुके गहाण टाकावे लागले. पगार थकल्याने फौजेने धरणे धरले. ते हैदरने मिटवले आणि त्याच्या मोबदल्यात 1758 मध्ये बंगळूरची जहागीर घेतली. पुढच्या वर्षी गोपाळराव पटवर्धनांची फौज आली, तेव्हा तिच्याशी झुंजून आणि शेवटी सावकारांकडून पैसा उभा करून त्याने तीही परतवली. दरबाराने त्याला ‘फत्ते हैदर बहादूर’ हा किताब दिला. काही काळाने नंजराजाला बाजूला सारून हैदर राज्याचा मालक झाला आणि खंडेराव दिवाण झाला.

खंडेराव का फिरला? हैदर दरमहा नवे नवे तालुके फौजखर्चाच्या नावाखाली मागत होता आणि दिवाण म्हणून त्याला नाही म्हणायची पाळी खंडेरावावर येत होती. राजवाड्यातल्या वृद्ध राजमातेला वाटत होते की नंजराजाच्या जागी त्याच्याहून वाईट धनी आला. दोघांचे सूत जुळले. संधीही चालून आली होती. हैदरचा मेहुणा मखदूम अली उत्तम फौज घेऊन फ्रेंचांच्या मदतीला अर्काटच्या बाजूला गेला होता. विसाजी कृष्ण बिनीवाले यांची मराठी फौज बाळापूर-देवनहळ्ळीच्या भागात होती. तिच्याशी गुप्त संधान बांधले गेले.

12 ऑगस्टच्या सकाळी श्रीरंगपट्टणचे दरवाजे उघडलेच नाहीत. तटावरून बेटावरच्या हैदरच्या तळावर तोफा सुरू झाल्या. हैदरने पहिली हाक मारली खंडेरावाला. उत्तर आले की तोफा तेच चालवताहेत.

ऑगस्ट म्हणजे कावेरी फुगलेली. हैदरने नावाडी आणि नावा लगोलग ताब्यात घेतल्या, माणसे आडोशाला नेली आणि दिवसभर निरोपांची देवाणघेवाण चालू ठेवली. खंडेरावाने तो दिवस बोलण्यात जाऊ दिला. जन्मभर कागदावर शत्रूला कोंडणाऱ्या माणसाची इथे चूक झाली. त्या संध्याकाळी नदीचा पलीकडचा काठ रोखला असता, तर यादवी तिथेच संपती. अंधार पडल्यावर हैदर थोड्या स्वारांनिशी पार झाला. मागे राहिलेल्या कुटुंबाला मात्र खंडेरावाने माणुसकीने वागवले, हे त्याच्या बाजूने आवर्जून सांगायला हवे.

आनेकलला हैदर विसावा घ्यायला थांबला नव्हता. बंगळूरचा किल्ला आपल्या बाजूला आहे की हातचा गेला, हे कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकणे म्हणजे स्वतःहून पिंजऱ्यात शिरणे होते. म्हणून त्याने इस्माईल अलीलाच पुढे पाठवले. बंगळूरचा किल्लेदार कबीर बेग हैदरचा जुना स्नेही. तो निष्ठेला जागला. मग हैदर निघाला आणि त्याच दिवशी बंगळूरच्या किल्ल्यात शिरला. श्रीरंगपट्टणपासून आनेकलमार्गे 98 मैल, सुमारे 157 किलोमीटर, वीस तासांत, दोन घोड्यांवर. किल्ला मिळाला, पण तिजोरी श्रीरंगपट्टणला राहिली होती. बंगळूरच्या सावकारांनी निव्वळ त्याच्या शब्दावर लाखांनी कर्ज दिले. जहागीरदार म्हणून दोन वर्षांत त्याने मिळवलेली पत त्या दिवशी कामी आली.

आता सगळा भरवसा मखदूम अलीच्या फौजेवर होता. ती परत बोलावली गेली, पण बारामहालातून वर चढताना विसाजीपंतांनी तिला अंचेट्टीच्या घाटात गाठले. ही जागा आनेकलच्या दक्षिणेला, तळ्ळी आणि देन्कनिकोट्टैच्या पलीकडे, आज तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात आहे. दाट रान, अरुंद वाट आणि डोंगरावरचा छोटा गड. मखदूम त्या गडाच्या आश्रयाला कोंडला गेला. हैदरने होती नव्हती ती फौज फैजुल्ला खानाबरोबर सोडवणुकीसाठी धाडली. मराठ्यांनी तिचाही पुरता मोड केला. हैदरचे दोन्ही हात बांधले गेले. खंडेराव आणि विसाजी एकत्र बंगळूरवर आले असते, तर किल्ला फार दिवस टिकला नसता.

आणि नेमक्या याच वेळी विसाजीपंत तहाला तयार झाले. बारामहाल आणि तीन लाख रुपये एवढ्यावर त्यांनी तळ उठवला. इतकी स्वस्त सुटका कशी झाली, याचा हैदरलाही अचंबा वाटला. उलगडा उत्तरेतून आला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांची फौज कापली गेली होती आणि ठिकठिकाणचे सरदार परत बोलावले जात होते. विल्क्सने या माघारीचा संबंध थेट पानिपताशी जोडला आहे. पानिपताचा हिशेब मांडताना आपण विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, जनकोजी यांची नावे घेतो आणि दिल्लीच्या राजकारणाची चर्चा करतो. पण तुंगभद्रेखाली हाताशी आलेला डाव सोडावा लागला, हीसुद्धा त्या पराभवाची किंमत होती. त्यानंतर मराठ्यांना जो शत्रू जन्मभर पुरला, तो अंचेट्टीच्या घाटात जवळपास संपला होता.

मराठे गेले तशी उरली ती दोघांचीच झुंज. खंडेराव रणांगणावरही कच्चा नव्हता. हैदर कावेरी उतरून दक्षिणेला आला, तेव्हा नंजनगूडजवळ खंडेरावाने त्याला समोरासमोरच्या लढाईत सपशेल हरवले. मग हैदरने जे केले ते दुसऱ्या कुठल्या सेनापतीला सुचले नसते. थोडे स्वार घेऊन तो रातोरात कोणनूरला गेला. ज्या नंजराजाला त्याने सत्तेवरून उतरवले होते, त्याच्याच पायांवर त्याने डोके ठेवले. नंजराज विरघळला. त्याचे नाव, त्याची माणसे आणि त्याचा शिक्का हैदरला मिळाला.

त्यांतले सर्वांत मोलाचे हत्यार ठरले तो शिक्का. कट्टेमळलवाडीपाशी खंडेरावाने या जोडफौजेला घेरत आणले, तेव्हा हैदरने नंजराजाच्या शिक्क्याची खोटी पत्रे लिहवली. ती खंडेरावाच्याच सरदारांच्या नावे होती. मजकूर असा, की धन्याला पकडून देण्याचा जो करार ठरला आहे तो पार पाडा, बक्षीस तयार आहे. पत्रे जाताना पकडली जातील अशी तजवीज केली होती. ती खंडेरावाच्या हाती पडली. ज्याने स्वतः धन्याशी दगा केला होता, त्याला आपल्याशी दगा होणार हे पटायला वेळ लागला नाही. त्याने घोड्याला टाच मारली ती थेट श्रीरंगपट्टण गाठले. मागे उरलेल्या निर्नायकी फौजेवर हैदर तुटून पडला आणि तिच्यातले कित्येक त्यालाच येऊन मिळाले. कागदाच्या जोरावर मोठा झालेला माणूस कागदानेच हरला, आणि तोही ज्याला वाचता येत नव्हते अशा माणसाच्या कागदाने.

1761 च्या मध्यावर हैदर पुन्हा श्रीरंगपट्टणापुढे आला. बोलणी चालू आहेत असे भासवून त्याने एका संध्याकाळी नदी ओलांडली आणि बेसावध छावणीवर झडप घातली. राजाच्या खर्चाला तीन लाखांचा मुलूख, नंजराजाला एक लाखाचा, बाकीचे सगळे राज्य हैदरकडे, असा निवाडा झाला. खंडेरावाला स्वाधीन करायचीही अट होती. राजवाड्यातल्या बायकांनी त्याच्या जिवासाठी रदबदली केली. हैदरने वचन दिले की त्याचा जीव तर राखीनच, पण त्याला पोपटासारखा जपेन. वचन त्याने अक्षरशः पाळले. खंडेरावाला लोखंडी पिंजऱ्यात घातले आणि मरेपर्यंत दूधभातावर ठेवले. तो पिंजरा बंगळूरच्या बाजारात लोकांना दिसेल असा मांडल्याचे वर्णन मिळते. ज्याने कुटुंब हाती असतानाही त्यांच्या केसाला धक्का लावला नाही, त्याची ही परतफेड कितीही मोठ्या पराक्रमाने झाकली जात नाही.

मराठ्यांना सावरायला तीन वर्षे लागली. 1764 मध्ये माधवराव पेशव्यांनी रट्टीहळ्ळीला हैदरचा पराभव केला. 1767 मध्ये मदगिरी घेऊन त्यांनी तिथे कैदेत पडलेल्या बिदनूरच्या राणीला सोडवले. 1771 च्या मार्चमध्ये त्रिंबकराव पेठ्यांनी मोती तलावाच्या लढाईत हैदरची फौज पार उधळून दिली. विसाजी कृष्ण बिनीवाले तोवर उत्तरेत पोचले होते आणि महादजी शिंद्यांबरोबर दिल्लीच्या मोहिमेत होते. 1774 मध्ये हैदरने सिरे आणि मदगिरी पुन्हा जिंकून घेतली. त्या वेळी त्याला अडवायला मराठी फौज आलीच नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, आणि घरच्याच यादवीत गुंतलेल्या राघोबादादांनी कल्याणदुर्गाजवळ हैदरशी तह करून तो मुलूख त्याला सोडून दिला होता.