परिचर्या : विद्या आणि मान



इस्पितळात महिनाभर राहून बरा झालेला मनुष्य घरी आला की आल्यागेल्याला डॉक्टरांचे नाव आवर्जून सांगतो. शस्त्रक्रिया कोणी केली, गुण कोणत्या औषधाने आला, खर्च किती झाला, हेही सांगतो. परंतु रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा जिने नाडी पाहिली, डॉक्टरांना झोपेतून उठवून बोलावले आणि उजाडेपर्यंत जी खाटेपाशी फेऱ्या घालीत राहिली, तिचे नाव विचारले तर उत्तर मिळते, "एक सिस्टर होत्या, फार चांगल्या होत्या." हे उत्तर आम्हीही दिलेले आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी दिले असेल. यात कृतघ्नता आहे असे आम्ही म्हणत नाही. परिचारिकेविषयी कृतज्ञता आपल्या मनात असतेच. पण कृतज्ञता निराळी आणि मान निराळा. हा मान या व्यवसायाला कसा मिळत गेला, कशापायी अडला आणि आजही कोठे अडून राहिला आहे, याचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची परिचर्या करणारा. या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण तेथे मोजले आहेत. उपस्थात्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान, कामातील दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता यांची गणना आहे. अनुराग, म्हणजे माया, या यादीत आहे; पण तिचा क्रमांक तिसरा आहे. पहिला क्रमांक ज्ञानाचा आहे. माया असली म्हणजे परिचर्या आपोआप येते, असे त्या आचार्यांनी मानलेले नाही. आमच्या आजच्या सगळ्या प्रतिपादनाचे सार या क्रमात आहे असे म्हटले तरी चालेल.

दुर्दैवाने ग्रंथातील हे स्थान व्यवहारात टिकले नाही. घरच्या आजाऱ्याची उठबस घरच्या बायकांनी करावयाची, आणि ते त्यांचे कर्तव्यच, तेव्हा त्यात शिकण्यासारखे काय आहे, अशी समजूत रूढ झाली. घराबाहेरच्या माणसाचे मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणे तर विटाळाचे काम ठरले. सुईणीचेच उदाहरण घ्या. अडलेल्या बाळंतिणीची सुटका करावयास तिला अपरात्री बोलावणे जाई. पण ती पुष्कळदा अशा जातीतली असे की, जिच्या हातात घरचे मूल जन्माला आले, तिच्या हातचे पाणी त्या घरात चालत नसे. गरज मोठी आणि मान थोडा, ही या कामाची पहिली स्थिती होय.

युरोपात यापेक्षा फार चांगले होते असे कोणी समजू नये. डिकन्सने १८४३-४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत मिसेस गॅम्प नावाची एक मद्यपी शुश्रूषाबाई रंगविली आहे. त्या काळच्या वाचकांना ती ओळखीची वाटली, यातच सर्व आले. जर्मनीत कैझरवेर्थ येथे फ्लीडनर नावाच्या धर्मोपदेशकाने १८३६ साली स्त्रियांना रुग्णसेवेचे शिक्षण देणारी संस्था काढली होती. तेथे १८५१ साली तीन महिने राहून एका श्रीमंत इंग्रज घराण्यातील मुलीने शिक्षण घेतले. हे काम कुलीन मुलीचे नव्हे म्हणून घरच्यांनी तिला अनेक वर्षे अडविले होते. ती मुलगी म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

त्यांच्या हातातील दिव्याची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पण त्या दिव्याच्या उजेडात त्यांचे खरे काम आपल्याला दिसेनासे झाले, असे आमचे मत आहे. क्रिमियन युद्धाच्या वेळी १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रिया बरोबर घेऊन त्या इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोहोचल्या. लष्करी डॉक्टरांना त्या नकोशा होत्या. तेव्हा, डॉक्टरांनी बोलावल्यावाचून एकीनेही रोग्याला हात लावू नये, असा निर्बंध नाइटिंगेलबाईंनी स्वतःच घातला. थोड्याच दिवसांत जखमींची रीघ लागली आणि बोलावणे आले. तरीही मृत्यू थांबले नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले. मार्चमध्ये आरोग्य आयोगाची माणसे आली, त्यांनी गटारे उपसली, हवा खेळती केली, पाणी शुद्ध केले, आणि जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. मायेने जे साधले नाही ते स्वच्छतेच्या शास्त्राने साधले. हा धडा त्यांनी जन्मभर गिरविला. त्यांनी मृत्यूंचे आकडे गोळा केले, ते आकृत्या काढून सरकारपुढे मांडले, आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या.

लोकांनी त्यांच्या गौरवार्थ सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. तेथे शिकाऊ मुलींना राहण्याजेवण्याची सोय होती, आणि प्रत्येकीच्या कामाची व वर्तनाची लेखी नोंद ठेवली जाई. वक्तशीरपणा, स्वच्छता, विश्वासूपणा यांचे रकाने त्या नोंदीत असत. परिचर्या ही शिकण्याची, तपासण्याची आणि नोंदण्याची गोष्ट आहे, हे तेथे प्रथम पक्के झाले.

तथापि यापुढच्या पायरीवर खुद्द नाइटिंगेलबाईच अडल्या. एथेल बेडफर्ड फेनविक या बाईंनी १८८७ साली परिचारिकांची संघटना काढून मागणी केली की, वैद्यांप्रमाणे परिचारिकांचीही सरकारी नोंदवही असावी आणि शिक्षण पुरे करून परीक्षा दिलेल्यांनाच त्या नावाचा अधिकार असावा. नाइटिंगेलबाईंनी याला विरोध केला. शीलाची परीक्षा कागदावर होत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु नोंदवही नसेल तर शिकलेली आणि न शिकलेली यांत फरक कोणी करावयाचा? न्यूझीलंडने १९०१ सालीच परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडला १९१९ साल उजाडावे लागले. तेथील नोंदवहीत पहिले नाव फेनविकबाईंचे लागले. तोवर त्यांच्या खटपटीला तीस वर्षे उलटून गेली होती.

आता आपल्या देशाकडे वळू. मद्रासच्या सरकारी इस्पितळात १८७१ साली सुइणींना शिकविण्याचा छोटा वर्ग निघाला, त्यात चार विद्यार्थिनी होत्या. मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा इस्पितळ उभे राहिले, आणि तेथे एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. पहिल्या भारतीय शिकाऊ परिचारिकांत मुंबईच्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते, साल १८९१. पण शिकावयास येणाऱ्यांत पुढे पुष्कळ काळ अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलींचाच भरणा राहिला. कारण उघड आहे. विटाळाची कल्पना, परपुरुषाला स्पर्श आणि रात्रपाळी, या तिहींमुळे इतर घरांची दारे बंद होती. केरळातल्या ख्रिस्ती मुली हजार मैलांवरून येऊन आमच्या मुंबईपुण्याची इस्पितळे चालवू लागल्या, त्याच्या मुळाशी त्यांचे धैर्य जसे होते, तसा आमचा सोवळेपणाही होता.

अशा स्थितीत प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला, आणि त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथे राबू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुलगा जगला. सावित्रीबाईंना आपण आद्य शिक्षिका म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे; पण त्यांचे शेवटचे काम परिचारिकेचे होते, याची आठवण क्वचितच काढली जाते.

ज्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत आपण आज जमलो आहोत, तिचा प्रारंभ पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी केला. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी न्यायमूर्तींच्या पश्चात, १९०९ साली, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन स्थापन केले. तेथील स्त्रियांना, त्यांत बालविधवाही होत्या, ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून रमाबाईंनी खटपट केली. एकदा संस्थेच्या समारंभात आलवण नेसलेली एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा तरुण प्रेक्षकांनी हुर्यो केली, आणि रमाबाईंनी त्या सुशिक्षित मंडळींना तेथल्या तेथे खडे बोल सुनावले, अशी आठवण सांगतात. विधवेने कोपऱ्यात बसावे हे समाजाला मान्य होते. तिने काही शिकावे आणि त्याचे बक्षीस चारचौघांत घ्यावे हे पचत नव्हते. रमाबाईंनी अशा स्त्रियांना करुणेचा विषय राहू दिले नाही, त्यांच्या हाती विद्या दिली, म्हणून त्यांचे काम आम्ही फार मोठे समजतो.

पुढे कायदे झाले. मद्रास प्रांतात १९२६ साली आणि मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचे कायदे आले. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात देशाचा हिशेब मांडला : ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका. सगळ्या देशात परिचारिका सुमारे सात हजार! त्याच वर्षी दिल्ली आणि वेलोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, महाराष्ट्राने १९६६ साली स्वतःचा कायदा केला, आणि २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला.

नोंदवही झाली, पदवी झाली, परिषद झाली. मग मान मिळाला काय? जागतिक आरोग्य संघटनेने नाइटिंगेलबाईंच्या जन्माची द्विशताब्दी म्हणून २०२० हे परिचारिकांचे वर्ष जाहीर केले, आणि त्याच वर्षी कोरोनाची महासाथ पसरली. २२ मार्चच्या संध्याकाळी आपण गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्यानंतरच्या दिवसांत कित्येक परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडावयास सांगितले, कोठे त्यांना सोसायटीच्या फाटकाशी अडविले गेले. शेवटी एप्रिलमध्ये सरकारला वटहुकूम काढून प्लेगच्या काळातला तोच १८९७ चा कायदा दुरुस्त करावा लागला, आणि आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. थाळी वाजविणारे हात आणि दार लावून घेणारे हात पुष्कळ ठिकाणी एकाच गल्लीतले होते. सव्वाशे वर्षांनीही विटाळ गेला नव्हता, त्याने नाव तेवढे बदलले होते.

दुसरी गोष्ट वेतनाची. खाजगी इस्पितळांतील परिचारिकांना इतका थोडा पगार मिळे की, त्यांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर नेमलेल्या समितीने, पन्नासांहून कमी खाटांच्या इस्पितळातही दरमहा वीस हजारांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली यावरूनच प्रत्यक्ष स्थितीची कल्पना यावी. आपल्याकडे 'सेवा' हा शब्द फार पवित्र आहे. म्हणूनच तो फार सोयीचाही आहे. जिला आपण देवी म्हणतो तिने पगार मागितला की आपल्याला ते कमीपणाचे वाटते. त्यापेक्षा तिला विदुषी म्हटले तर तिचा हिशेब चुकता करणे आपल्याला भाग पडेल.

परिचर्या ही विद्या आहे याचा पुरावा कोणाला हवा असेल तर तो मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच निर्घृण हल्ला झाला आणि त्यांची शुद्ध हरपली. १८ मे २०१५ पर्यंत त्या तशाच स्थितीत खाटेवर होत्या. बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. पण त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची वाखाणणी केली आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. ज्यांनी अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे त्यांना ठाऊक असेल की, चार दिवस हयगय झाली तर पाठीची कातडी फाटते. तासातासाला कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, कोणत्या हाडावर भार येतो ते ओळखणे, आणि पाळी बदलताना हे सर्व पुढच्या परिचारिकेला न चुकता सांगणे, हे नुसत्या मायेने होत नाही. त्यांच्या ठायी माया तर होतीच. तिला ज्ञानाची आणि शिस्तीची जोड होती, म्हणून ती बेचाळीस वर्षे पुरली.

या सभागृहात इस्पितळांचे विश्वस्त बसले असतील, नगरपालिकेचे सभासद असतील, मुलींचे आईबाप असतील, आणि उद्यापरवा इस्पितळात जाण्याची वेळ ज्यांच्यावर येणार आहे असे तर आपण सगळेच आहोत. विश्वस्तांना आमची विनंती आहे की, इमारतीवरील देणगीदारांच्या पाट्यांचा खर्च मांडण्याआधी परिचारिकांच्या वेतनाचा आणि त्यांच्या रात्री निजावयाच्या खोलीचा विचार करावा. ज्यांची मुलगी किंवा मुलगा या शिक्षणाला जाऊ म्हणतो, त्यांनी नाइटिंगेलबाईंच्या घरच्यांसारखी वर्षे दवडू नयेत. आणि रोग्याच्या नातेवाइकांनी, खाटेपाशी उभी असलेली परिचारिका "यांचा श्वास कालच्यापेक्षा वेगळा वाटतो" असे म्हणाली, तर तिचे म्हणणे मन लावून ऐकावे. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट. तिचे नाव विचारावे, लक्षात ठेवावे आणि घरी आल्यावर डॉक्टरांच्या नावाबरोबर सांगावे.