गाण्याच्या चित्राची कापलेली कड

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. इंग्लंडातला एक गाणारा मेळा, त्याच्या गाण्यांच्या चित्रफिती, त्या चित्रफितींची एक डीव्हीडी तबकडी, आणि त्या तबकडीवरून चाहत्यांत झालेला वाद! ह्यात इतिहास तो कसला, असे गुरुजी विचारतील. शेतावरून दमून आलेला माणूस म्हणेल, आमच्या बांधाचे वाद काय थोडे आहेत? पण हा वादही एका अर्थी बांधाचाच आहे. चित्राची वरची आणि खालची कड कुणी कापली, तसे करण्याचा त्याला अधिकार होता का, आणि कापलेला भाग आता कुठे मिळेल, एवढाच त्याचा विषय.

मेळ्याचे नाव ‘क्वीन’, म्हणजे राणी. १९७० साली लंडनमध्ये तो उभा राहिला. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. हा तसला बँड नव्हे. माणसे अवघी चार. फ्रेडी मर्क्युरी गाणारा आणि पियानो वाजवणारा, ब्रायन मे गिटार वाजवणारा, रॉजर टेलर ड्रमवर, आणि १९७१ साली येऊन मिळालेला जॉन डीकन बेस गिटारवर. विजेच्या गिटारी आणि ड्रमचा जोरकस ताल असलेल्या ह्या संगीताला रॉक म्हणतात. ते कानाला गोड लागते की कर्कश, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मला स्वतःला त्यातले निम्मेच रुचते.

आता सातारा जिल्ह्यातल्या मंडळींनी जरा कान द्यावा. हा फ्रेडी मर्क्युरी जन्माने पारशी, मूळचे नाव फारूख बलसारा. १९४६ साली झांजिबार बेटावर त्याचा जन्म झाला. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी मुलाला शिक्षणासाठी धाडले ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच त्याला सगळे फ्रेडी म्हणू लागले, आणि तिथल्या पाच मुलांनी मिळून एक छोटा बँडही काढला होता. पुढे १९६४ साली झांजिबारात क्रांती झाली आणि हे कुटुंब इंग्लंडला गेले. टेबललँडवर घोड्यावर बसायला जाणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

असो. मुख्य गोष्ट १९७५ सालची. मेळ्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नावाचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. ते पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे होते. त्या काळी तीन मिनिटांच्या गाण्याची रीत, म्हणून एवढे लांब गाणे कोण वाजवणार, अशी कंपनीला धास्ती. पण केनी एव्हरेट नावाच्या एका निवेदकाने ते लंडनच्या कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत चौदा वेळा वाजवले, आणि सोमवारी लोक दुकानात जाऊन तबकडी मागू लागले. ज्या गाण्याच्या चित्राची एवढी कीर्ती झाली, ते आधी रेडिओने लोकांपर्यंत नेले. हे सांगताना रेडिओवर बोलणाऱ्याला थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनी माफ करावे.

मग चित्राची गरज का पडली? गाणे रचलेच असे होते की रंगमंचावर जसेच्या तसे म्हणता येऊ नये. तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा, एकावर एक असे चोवीस मार्गांच्या फितीवर चढवले होते. म्हणून ऐकताना मोठा समूह गातो आहे असे वाटते. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ ह्या दूरदर्शनच्या कार्यक्रमात जाऊन चौघांनी नुसती तोंडे हलवली असती तर ते हास्यास्पद दिसले असते. शिवाय १४ नोव्हेंबरपासून त्यांचा दौरा सुरू होणार होता. तेव्हा दौऱ्याची तालीम चालू असतानाच, १० नोव्हेंबर १९७५ रोजी, लंडनजवळच्या एल्स्ट्री येथे ब्रूस गॉवर्स ह्या दिग्दर्शकाने चित्रण उरकले. तीन-चार तासांचे काम, खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास.

त्या चित्रणातली युक्ती ऐकण्यासारखी आहे. एक चेहरा दूर दूर विरत जाताना दिसतो, त्याच्या मागे तोच चेहरा, त्याच्या मागे पुन्हा तोच. हे केले कसे? न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे असले म्हणजे आपल्या चेहऱ्यांची रांग लागते ना, तसलाच प्रकार. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र दूरदर्शन संचावर दिसत होते, आणि कॅमेरा त्या संचावरच रोखला. दुसऱ्या ठिकाणी भिंगापुढे पैलूदार काच धरून एका तोंडाची अनेक तोंडे केली. हे सारे चित्रण चालू असतानाच झाले, नंतर बसून नव्हे. आरंभी काळोखातून वर येणारे चार चेहरे १९७४ सालच्या त्यांच्याच तबकडीच्या वेष्टनावरून घेतले होते. ते छायाचित्र मिक रॉक ह्याचे. २० नोव्हेंबरला बीबीसीने हे चित्र दाखवले. गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

गाण्याची जगातली पहिली चित्रफीत हीच, असे काही चाहते ठासून सांगतात. ते खरे नव्हे. बीटल्स मेळ्याने १९६६ साली असल्या फिती काढल्या होत्या, आणि त्याआधीही इतरांनी काढल्या होत्या. खरे एवढेच की, चांगली चित्रफीत गाण्याची विक्री वाढवते हे कंपन्यांना ह्या चित्राने पटवले.

पण त्या दिवसांत चित्र दाखवून झाले की ते गेले. पाहणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. एवढेच नव्हे, फिती महाग म्हणून बीबीसी जुन्या कार्यक्रमांच्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेत असे. पाटीवरचे गणित पुसून दुसरे मांडावे तसे! १९६४ ते १९७५ च्या दरम्यानचे ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे कितीतरी भाग असे कायमचे नाहीसे झाले. ही गोष्ट मनात ठेवा, म्हणजे पुढे चाहते इतके का चिडले ते समजेल.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमटीव्ही नावाची, दिवसरात्र गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी क्वीनने आपल्या चित्रफितींचा संग्रह ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स’ ह्या नावाने कॅसेटवर काढला. आता घरी बसून, हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा पाहता येऊ लागले. मात्र कॅसेट यंत्रात फिरून फिरून झिजते आणि चित्रावर मुंग्या येतात. मग १९९६ साली जपानात डीव्हीडी निघाली. बारा सेंटिमीटरची चकचकीत तबकडी, सुई नाही, झीज नाही, सगळे वाचन प्रकाशकिरणाने. २००२ साली क्वीनचा ‘ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स १’ हा दोन तबकड्यांचा संच बाजारात आला, तेव्हा चाहत्यांना केवढा आनंद! आवाज नव्याने सजवून खोलीच्या चहूबाजूंनी येईल असा केलेला, आणि चित्र चालू असताना ब्रायन मे व रॉजर टेलर स्वतः त्याच्या आठवणी सांगतात अशीही सोय.

तबकडी लावली, आणि बारकाईने पाहणाऱ्यांच्या लक्षात आले की अनेक चित्रफितींत डोक्यावरचा भाग नाही, हातांखालचा भाग नाही.

झाले होते असे. जुन्या संचाचा पडदा चार रुंद तर तीन उंच, ह्या मापाचा. त्या सुमारास नवे रुंद पडदे येत होते, सोळास नऊ ह्या मापाचे. जुने चित्र नव्या पडद्यावर पुरे दाखवले तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते नकोत, म्हणून संच काढणाऱ्यांनी पुष्कळशा चित्रफिती वरून-खालून छाटून रुंद चौकटीत बसवल्या. गुरुजींनी हे गणित वर्गात फळ्यावर काढून दाखवावे. चार वीत रुंद आणि तीन वीत उंच चौकट काढा. रुंदी तशीच ठेवून ती सोळास नऊ करायची, तर उंची सव्वादोन वीतच राहते. पाऊण वीत गेली, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा गेला. इंग्लंडच्या पद्धतीच्या दूरदर्शन चित्रात दिसणाऱ्या आडव्या रेषा ५७६ असतात. त्यांतल्या १४४ टाकून द्यायच्या आणि उरलेल्या ४३२ ताणून सगळा पडदा भरायचा. चित्र थोडे फिकट आणि पसरट दिसणारच. ज्या गाण्यांचे चित्रण सिनेमाच्या फिल्मवर झाले होते, त्यांची फिल्म पुन्हा स्वच्छ उतरवून घेता येते. तिथे नुकसान कमी. पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’सारखे जे मुळात चुंबकीय फितीवर उतरले, त्यात जेवढ्या रेषा आहेत तेवढ्याच. नवी रेष कुठून आणणार?

चाहत्यांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, काळे पट्टे कुणाला हवेत? आवाज इतका सुंदर झाला आहे, रंग उजळले आहेत, आणि स्वतः कलाकारांना हे मान्य आहे. आपण कोण बोलणार? दुसरा पक्ष म्हणाला, दिग्दर्शकाने चौकट आखली तीच चौकट. हात कुठवर उचलायचा, दिवा कुठे लटकवायचा, हे त्याने तीनास चारच्या मापात ठरवले होते. त्यावर पहिला पक्ष म्हणे, दोन बोटे डोके कापले गेले तर गाणे बिघडते काय? दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वारला. आता त्याचे नवे चित्र निघायचे नाही. आहे तेच सगळे, आणि त्यातूनच तुम्ही चौथाई कापता!

मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते, जरी त्यांची भाषा कधी कधी फार तिखट असते. आपल्याकडे जुन्या पोथ्या नीट दिसाव्यात म्हणून बांधणाराने कडा कापल्याची उदाहरणे आहेत. पोथी सुबक दिसते, पण समासात कुणी केलेली दुरुस्ती, कुणी लिहिलेला शक, कुणाची सही, सारे कात्रीखाली जाते. आपण मूळ जपले आणि शेजारी सुबक नक्कल ठेवली, तर कुणाची तक्रार नाही. मूळ मिळेनासे झाले की गाठ पडते.

ह्या चाहत्यांना कडेचे एवढे वेड का, हेही सांगतो. हे लोक चित्रफीत पाहत नाहीत, वाचतात. १९७८ च्या जानेवारीत रॉजर टेलरच्या घराच्या बागेत, हिमात उभे राहून दोन गाण्यांचे चित्रण झाले. त्यात ब्रायन मेच्या हातातली गिटार त्याची नेहमीची नाही, हे चाहत्यांनीच ओळखले. नेहमीची गिटार त्याने मुलगा असताना वडिलांच्या मदतीने घरीच बनवली होती. तिच्या दांड्याला एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. हिमात आणली ती तिची नक्कल. अशा खुणा बहुतेक वेळा चित्राच्या कडेलाच सापडतात: हातात, पायाशी, मागच्या भिंतीवर.

एक गंमत सांगायची राहिली. १९८४ साली ह्याच मेळ्याने ‘रेडिओ गा गा’ नावाचे गाणे काढले. ते टेलरने रचले. दूरदर्शन आणि चित्रफिती आल्या, आता आपला जुना सोबती रेडिओ मागे पडणार की काय, अशी हुरहूर त्यात आहे. आणि ह्या गाण्याचीही चित्रफीत निघाली! तीत फ्रिट्झ लांग ह्या जर्मन दिग्दर्शकाच्या १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ ह्या मूकपटातली दृश्ये जोडली आहेत, आणि शेकडो माणसे डोक्यावर हात नेऊन एका तालात टाळ्या वाजवतात. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, दुष्काळग्रस्त इथिओपियासाठी झालेल्या जलशात, सुमारे बहात्तर हजार लोकांनी ह्याच टाळ्या वाजवल्या. त्या त्यांना कुणी शिकवल्या नव्हत्या. लोक चित्रफीत पाहून आले होते. रेडिओच्या बाजूने काढलेले गाणे लोकांच्या अंगात भिनवले ते चित्राने. ह्याचे मला हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

२०१९ च्या जुलैत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे चित्र इंटरनेटवर शंभर कोटी वेळा पाहिले गेल्याचे जाहीर झाले, आणि त्या निमित्ताने त्याची अधिक स्वच्छ प्रत तिथे ठेवण्यात आली. डीव्हीडी यंत्रे आता घराघरांतून माळ्यावर गेली आहेत. तरी जुने चाहते २००२ ची तबकडी टाकून देत नाहीत, कारण मे आणि टेलर ह्यांच्या आठवणी तिच्यावर आहेत. तिच्याशेजारी त्यांनी १९८१ ची ती कॅसेटही ठेवली आहे. रंग उडालेले, आवाज बसलेला, मध्येच मुंग्या. पण चित्राची चौकट पुरी आहे. तुमच्या गावात कुणा हौशी माणसाकडे हे दोन्ही निघाले, तर एकच गाणे आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर लावून पाहा, आणि मुलांना वही-पेन्सिल देऊन विचारा, पहिल्यात काय काय होते जे दुसऱ्यात दिसले नाही.