लेकरू जेवत नाही? आधी पाच रुपयांचं पाकीट थांबवा; वरण-भाकरी, फुनके, धिरड्यातूनच भरेल पोट

सोनाळा : "लेकरू काहीच खात नाही. दोन घास घेते अन् पळते." एक ते तीन वर्षांचं मूल ज्या घरात आहे तिथे हे बोलणं हमखास ऐकू येतं. सोनाळा, टुनकी भागात कापूस वेचणी सुरू झाली की त्यात भर पडते. माय सकाळीच वावरात जाते, लेकरू आजीजवळ राहते, ते रडलं की आजी हातात पाच रुपये ठेवते आणि लेकरू दुकानातून कुरकुऱ्याचं पाकीट घेऊन येते. दुपारी ताट पुढे आलं की तोंड फिरवते. घरचे म्हणतात, याला भूकच लागत नाही. भूक लागली होती, ती पाकिटानं मारली.

अर्थात प्रत्येक वेळी दोष पाकिटाचा नसतो. जन्मताना साधारण तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ-दहा किलोचं होतं, म्हणजे वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. याच वयात लेकरू चालायला, पळायला लागते, त्याचं ध्यान ताटात राहत नाही आणि अनोळखी चवीला ते भिते. काल आवडीनं खाल्लेलं आज थुंकून टाकते. हे आजारपण नव्हे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाऊण ते एक वाटी (अडीचशे मिलीची) आणि मधात एक-दोनदा किरकोळ खाणं, एवढं पुरेसं धरतात. त्यासोबत दोन वर्षांपर्यंत आईचं दूध चालू ठेवावं. मोठ्या माणसाच्या ताटाशी तुलना केली तर कोणतंही लेकरू उपाशीच दिसेल.

मागे लागून, नाक दाबून, मोबाईल दाखवून भरवलेल्या घासाचा फायदा कमी आणि नुकसान जास्त. जेवण म्हणजे भांडण हे लेकराच्या डोक्यात पक्कं बसते. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग केला होता, तो १९२८ मध्ये छापून आला. बाळापुढे धान्य, भाजी, फळ, अंडं, मांस, दूध असे साधे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायचे, ते ज्याकडे हात करेल तेच द्यायचं, आग्रह करायचा नाही. एखाद्या जेवणात बाळ भलतंच काही खायचं, पण महिन्यांच्या हिशेबानं ही मुलं धडधाकट वाढली. यातली खरी गोष्ट अशी, की त्या भांड्यांत साखर, मिठाई, मैद्याचं काहीच नव्हतं. ताटात काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं, किती खायचं ते बाळानं. आपल्या घरात नेमकं उलटं चालते: काय खायचं ते लेकरू दुकानात ठरवते आणि किती खायचं ते आपण ताटावर.

आधी बंद काय करायचं

चहा. कपातला उरलेला चहा बिस्किटासोबत लेकराला देण्याची सवय गावोगाव आहे. चहानं भूक मरते आणि जेवणातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा वेळी दोन वर्षांच्या पोराला चहा देणं परवडणारं नाही.

दुसरं, वरचं दूध. दूध चांगलंच, पण दिवसात अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवणाला जागा उरत नाही. दुधात लोहही फार थोडं. बाटली सोडवून पेल्यानं द्यावं, जेवणानंतर द्यावं. पाकीट एका दिवसात सुटणार नाही, लेकरू दोन-चार दिवस आकांत करेल. तेवढे दिवस घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आजोबांनी, धीर धरावा. जेवणाआधी दीड-दोन तास पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी फरक दिसतो.

घरातलंच, पण लेकराच्या हाताचं

फुनके आपल्या भागात नवे नाहीत. मोठ्यांसाठी करताना त्यात मिरची भरपूर पडते, म्हणून लेकरं लांब राहतात. लेकरासाठी वेगळे चार काढावे. एक वाटी तुरीची डाळ तीन-चार तास भिजवून पाणी निथळावं, भरड वाटावी. त्यात मूठभर पालक किंवा मेथी अगदी बारीक चिरून, जिरं, हळद, चिमूटभर मीठ घालावं. बोटाएवढे मुटके करून पंधरा-वीस मिनिटं वाफवावे. तेल जवळपास लागत नाही. मऊ असतात, मुठीत धरता येतात, कढीत बुडवून खाता येतात. जे लेकरू चमच्याला तोंड उघडत नाही ते हातात धरायला दिलं की बरेचदा खाते. कढीही फिकीच असावी. ठेचा-तिखटाची सवय हळूहळू लागते, दीड वर्षाच्या जिभेला ती लावण्याची घाई नको. बाकी घरचे फुनके नेहमीसारखे झणझणीत करायला कोणाची ना नाही.

मुगाचं धिरडं त्याहून सोपं. मूग रात्री भिजवून सकाळी वाटावे, त्यात किसलेला दुधी नाहीतर गाजर मिसळावं आणि तव्यावर थोड्या तेलात छोटी छोटी धिरडी टाकावी. किसलेली भाजी दिसत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. मात्र भाजी नेहमी लपवूनच देऊ नये. मोठ्यांच्या ताटातली भाजी एक चमचा लेकराच्या ताटातही ठेवावी, खाल्ली नाही तर काही बोलू नये. नवी चव पत्करायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण दोनदा देऊन "याला पालक आवडत नाही" असं ठरवून टाकतो.

ज्वारीची भाकरी कोरडी दिली तर लेकराच्या घशाखाली उतरत नाही. ती गरम असतानाच दाट वरणात कुस्करावी, वर चमचाभर तूप आणि दोन थेंब लिंबू. लिंबानं डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगात चांगलं मुरतं. संग्रामपूर तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. हंगामात बी आणि जाड साल काढून जेवणासोबत संत्र्याच्या दोन फोडी दिल्या तरी तेच काम होते. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, खिचडीत मूग-तूर दोन्ही डाळी घालून, उकडलेलं अंडं भातात कुस्करून, असे आणखी पुष्कळ प्रकार घरच्यांना ठाऊक आहेतच.

वेचणीच्या दिवसांत आजीजवळ ठेवून जायला सातूचं पीठ बरं. दोन भाग भाजलेले गहू आणि एक भाग डाळं दळून डब्यात भरावं, वेळेवर दुधात किंवा कोमट पाण्यात गूळ घालून कालवावं. चूल पेटवायची गरज नाही. उकडलेलं रताळं, केळ, दशमी हेही दुपारपर्यंत टिकतं. सकाळी शिजवलेला भात किंवा दूध घालून केलेली खीर मात्र उघड्यावर दुपारपर्यंत ठेवू नये. हगवण लागली की आठ दिवसांचं खाल्लेलं वाया जाते.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी घरी न्यायचा आहार (टीएचआर) मिळतो. चव आवडली नाही म्हणून तो बाजूला टाकू नये. तुपात भाजून गूळ घातला की शिऱ्यासारखा होतो.

हे मात्र जपा

अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष, बियांसकट बोर किंवा जांभूळ लहान लेकराला देऊ नये. दाणा श्वासनळीत अडकला तर दवाखान्यात पोहोचायला वेळ पुरत नाही. शेंगदाण्याचा कूट करावा, द्राक्षाचे उभे चार काप करावे. लेकरू पळत किंवा हसत असताना घास भरवू नये, खाली बसवूनच द्यावा. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, मीठ-साखरही घालू नये.

जंतांमुळेही भूक मंदावते. जंतनाशक गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांना वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि शाळेतून मोफत दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरा करून पाण्यासोबत देतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, एक मिली, द्यायचं असते. ते आशाताईंकडे मागावं.

कमी खाणारं पण खेळणारं, हसणारं आणि दर महिन्याला थोडं का होईना वजन वाढणारं लेकरू ठीक असते. म्हणून अंगणवाडीत दर महिन्याला होणारं वजन चुकवू नये, तक्त्यावरची रेघ वर जाते आहे का ते ताईंना विचारावं. सलग दोन-तीन महिने वजन वाढलं नाही किंवा घटलं, लेकरू मलूल पडून राहते, सारखी हगवण किंवा ताप आहे, घास गिळताना ठसका लागतो, तर घरचे उपाय करत बसू नये. दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा ते साडेबारा सेंटीमीटरच्या मधात आला तर पट्टी पिवळी दाखवते. त्याच दिवशी ताईंशी बोलून जादा आहार सुरू करावा. साडेअकराच्या खाली लाल. लाल आली किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर मजुरीचा दिवस बुडाला तरी चालेल, लेकराला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं.